गाडी वेळेवर आहे का?

माणसाला नाव असतं, यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. गाव असतं, यावर होता.

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "कुठे जायचंय?"

"मी इथेच आलेय. आजपासून कामाला."

"ते कळलं. संध्याकाळी कुठे जायचंय?"

"नाशिक रोड."

"पाच चाळीस. पाच वीसलाही आहे, पण ती भरून येते." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. ओळख करून घेण्याचा कार्यक्रम संपला होता. पुढची पाच वर्षं त्यांनी मला 'नाशिक रोड' अशीच हाक मारली. फार खूश असले तर 'पेपरवाल्या बाई'.

पेपरवाली, कारण त्याआधी मी नाशिकच्या एका दैनिकात डेस्कवर होते. आवृत्ती बंद झाली आणि मी एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात आले. काम होतं तक्ते तपासायचं आणि अहवाल लिहायचं. ते माझ्या आधीपासून तिथे होते. त्यापूर्वी एकतीस वर्षं एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. निवृत्त झाल्यावर विभागाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं, कारण जिल्ह्यातलं कुठलंही गाव सांगितलं की ते त्याचा रस्ता सांगत, आणि रुग्ण शोधायला असा माणूस बरा. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. टेबलावर त्यांनी घरून आणलेली पाटी होती: 'चौकशी'. प्रशासकांनी ती दोनदा काढायला लावली. दोन्ही वेळा ती जेवणाच्या सुट्टीनंतर परत आली.

जेवणाची सुट्टी एक वाजून दहा मिनिटांनी. एक वाजता नाही, सव्वा वाजता नाही. एक दहाला डबा उघडायचा, एक बत्तीसला बंद. मधल्या वेळात कोणी काही विचारलं तर ते टेबलावर 'खिडकी बंद आहे' अशी दुसरी पाटी ठेवत आणि भाकरी खात त्याच्याकडे बघत राहत.

ओपीडीत रुग्णांना पुकारायचं काम त्यांचं नव्हतं. ते त्यांनी आपणहून घेतलं, कारण पुकारणाऱ्या सिस्टरचा आवाज त्यांना पटत नव्हता. त्यानंतर बाहेरच्या बाकांवर दर सोमवारी हे ऐकू येई: "सिन्नर, सिन्नर, सिन्नर! सिन्नरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आपली तपासणी दोन नंबरच्या खोलीत लागलेली आहे!" सिन्नरकडची माणसं पिशव्या उचलून धावत. जागा मिळणार नाही अशा धास्तीने धावत. एकदा एका म्हाताऱ्याने दोन नंबरच्या खोलीत शिरल्या शिरल्या खुर्चीवर रुमाल टाकला. खुर्ची डॉक्टरांची होती.

डॉक्टरांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. भूलतज्ज्ञ म्हणजे रातराणी. प्रशासक म्हणजे विनंती थांबा, हात केला तरच थांबणार. स्तनाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जन, ज्यांना आम्ही डॉक्टरबाई म्हणत असू, त्या विनाथांबा. हे त्यांनी डॉक्टरबाईंच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "कंट्रोलर, मध्ये कुठे चहाला तरी थांबते की नाही मी?" ते म्हणाले, "घोटीला. पाच मिनिटं."

रेडिएशनचं वेळापत्रक हा त्यांचा सगळ्यात मोठा पराक्रम. आमच्याकडे रुग्ण रेडिएशनला 'लाइट' म्हणतात. लाइट रोज घ्यावा लागतो, काही आठवडे, आणि बाहेरगावच्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात यायच्या बंद होत. कंट्रोलरांनी एक दिवस यंत्रावरच्या तंत्रज्ञाकडून यादी घेतली आणि वेळा बदलल्या. घोटीच्या सगळ्या एका तासात, सिन्नरच्या पुढच्या, कळवणच्या त्यानंतर. गाडी उतरली की लाइट, लाइट झाला की परतीची गाडी. तंत्रज्ञाने तक्रार केली. महिनाभराने त्यानेच ती मागे घेतली, कारण बायका यायला लागल्या होत्या. एकाच गाडीने येत, एकमेकींची जागा धरत, आणि एखादी दिसली नाही तर बाकीच्या तिला फोन करून शिव्या घालत.

त्यांचा एक दोष होता. तो आधीच सांगितला पाहिजे, कारण पुढे सगळं त्यावर अडलं. जेवढं विचारलं तेवढंच ते सांगत. एकदा एका नातेवाइकाने धापा टाकत विचारलं, "पेठची गाडी गेली का?" ते म्हणाले, "हो." तो माणूस कपाळाला हात लावून जिन्यावर बसला. दहा मिनिटांनी मी विचारलं, "पुढची कधी आहे?" ते म्हणाले, "दहा मिनिटांपूर्वी होती."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही."

आता आमच्या कामाविषयी. एका सर्जनच्या हातून होणाऱ्या ऑपरेशनांवरून फारसं काही सिद्ध होत नाही. पण अनेक हॉस्पिटलांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, कुणाचं कोणतं ऑपरेशन झालं, पुढे ती बाई कशी आहे, गाठ पुन्हा आली का, हे वर्षानुवर्षं लिहीत राहिलं, की त्या ढिगातून उत्तरं मिळतात. आमचं हॉस्पिटल अशा एका मोठ्या नोंदणीत होतं. डॉक्टरबाईंचा त्यातला प्रश्न साधा होता. स्तनात गाठ असेल तर पूर्ण स्तन काढायचा, की फक्त गाठ काढून स्तन राखायचा? राखला तर लाइट घ्यावाच लागतो. शहरातल्या बायकांना ते जमतं हे माहीत होतं. गावाहून येणाऱ्या बाईला ते जमतं का, आणि ती पुढे तितकीच बरी राहते का, हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं. डॉक्टरबाई ते मोजत होत्या. स्तन राखून त्यांनी ऑपरेशन केलेल्या बाहेरगावच्या दोनशे तीस बायका यादीत होत्या.

नोंदणीचं सॉफ्टवेअर प्रत्येकीबद्दल दरवर्षी विचारी आणि तीनच उत्तरं घेई: हयात, मृत, संपर्क तुटला. कंट्रोलर तिसरं उत्तर कधीच देत नसत. "गाडी रद्द होते. माणूस कसा रद्द होईल?" असं म्हणत ते शेऱ्याच्या रकान्यात टाइप करत: 'गाडी अजून लागलेली नाही.' सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोराने एकदा पुण्याहून मला फोन केला. "मॅडम, एक विचारू का? तुमचे पेशंट बसस्टँडवरून गायब होतात का?"

मग नोंदणीच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. दोनशे तीसपैकी एकसष्ट बायकांची वर्षभरातली खबर नाही. शंभरात दहापर्यंत बेपत्ता चालतील, म्हणजे तुमच्या तेवीस. तीन आठवड्यांत यादी सुधारा, नाही तर नाशिकच्या नोंदी अभ्यासातून वगळू.

प्रशासकांनी बैठक बोलावली. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "डॉक्टरबाई, एकसष्ट बायका दिसत नाहीत. जगल्या की गेल्या माहीत नाही. असं असताना बाहेरगावच्या बाईचा स्तन राखणं म्हणजे जोखीम आहे. यादी मान्य झाली तर ठीक. नाही झाली तर बाहेरगावच्यांचा पूर्ण काढायचा, हा नियम करू."

"आणि मग कुणी विचारलं, गावच्या बाईला काय झेपतं, तर उत्तर शहरातल्या बायका देणार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तुमच्या बायका तरी कुठे उत्तर देताहेत?"

वॉर्डात त्या वेळी सिन्नरजवळच्या गावची एक बाई होती, चाळिशीची, कांद्याच्या खळ्यावर काम करणारी. तिला ऑपरेशनची तारीख मिळायची होती. डॉक्टरबाई राउंडला गेल्या की ती विचारायची, "पुरं काढणार का हो? तसं आसंल तर आधी सांगा. म्हंजी मी माझी रडून घेते." डॉक्टरबाई रोज सांगत, "ठरायचंय."

त्याच आठवड्यात कंट्रोलरांविरुद्ध तक्रार आली. टेलिफोन ऑपरेटरची. हे गृहस्थ हॉस्पिटलच्या फोनवरून दररोज अकरा ते बारा या वेळात लोकांना फोन लावतात आणि एसटीची चौकशी करतात. रुग्णांबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. प्रशासकांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही पेपरात होता. चौकशी करा."

मी दुसऱ्या दिवशी अकराला त्यांच्या मागच्या टेबलावर वही घेऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला.

"नमस्कार, चौकशी खिडकी. तुमची गाडी वेळेवर आहे का? आहे. बरं. मध्ये कुठे थांबली होती का? नाही. बरं. उतरताना सांभाळून."

वहीत खूण. दुसरा नंबर. तोच प्रश्न. तिसरा. तोच. मी शब्दशः लिहून घेत होते. तक्रार खरी दिसत होती.

चौथ्या फोनवर ते थांबले. "उशीर आहे? किती? दोन आठवडे?" त्यांनी पेन उचललं. "कुठल्या बाजूला? त्याच? मंगळवारी साडेनऊच्या आत इथे या. डॉक्टरबाईंना सांगून ठेवतो. घाबरायचं नाही. गाडी उशिरा आली म्हणजे येत नाही असं नाही."

एसटीला दोन आठवडे उशीर झालेला मी तोवर ऐकला नव्हता. मी उठून त्यांच्या टेबलासमोर गेले.

"हे फोन कुणाला करता?"

"रुग्णांना," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"डॉक्टरबाईंच्या. ज्यांना दवाखान्याचा फोन घरी नकोय त्या."

मी खाली बसले. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. वही मार्गांप्रमाणे होती: घोटी, सिन्नर, पेठ, कळवण. मार्गाखाली गावं. गावापुढे नाव नाही. केसपेपरचा नंबर, फोन नंबर आणि खुणांची रांग, तारखेसह. सात वर्षांची.

ते पुढे काही बोलले नाहीत, कारण मी पुढे काही विचारलं नव्हतं. मला त्या दिवशी किती प्रश्न विचारावे लागले हे मी मोजलं नाही. उत्तरं जोडून गोष्ट अशी तयार झाली.

पहिल्याच वर्षी घोटीकडची एक बाई परतीची गाडी विचारायला त्यांच्या टेबलाशी आली. टाके काढून झाले होते. हळूच म्हणाली, "साहेब, घरी दवाखान्याचा फोन करू नका. मी माहेरी येऊन ऑपरेशन केलंय. सासूला ठाऊक नाही. कॅन्सर म्हटलं की ताट वेगळं करतील." ते म्हणाले, "मग एसटीचा करतो." तिला त्यांनी शिकवलं. बरी असशील तर वेळेवर म्हणायचं, त्रास असेल तर उशीर, मधल्या काळात दुखणं येऊन गेलं असेल तर मध्ये थांबली. तिने दुसरीला सांगितलं. लाइटच्या गाडीत बायका एकत्र येत होत्याच. बातमी पसरली.

दरवर्षीची खबर घेणाऱ्या आमच्या विभागातल्या मुली मात्र केसपेपरवरच्या नंबरला फोन करत. तो माहेरचा. तिथे भाऊ उचलायचा, म्हणायचा, "ती तर सासरी गेली," आणि ठेवून द्यायचा. मुली सॉफ्टवेअरमध्ये भरत: संपर्क तुटला.

"आणि या बाणाची खूण काय?" मी विचारलं. काही नंबरांपुढे बाण होता आणि बाणापुढे दुसरा मार्ग, दुसरा केसपेपर नंबर.

"तीच बाई. पहिल्यांदा कळवणची गाडी विचारत होती. पुढच्या वर्षापासून सिन्नरची विचारते."

ते ऐकून मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या ऑपरेशन थिएटरमधून तशाच खाली आल्या. आपल्याकडे बाईला भावाने आणलं तर भाऊ माहेरचं नाव सांगतो, नवऱ्याने आणलं तर नवरा सासरचं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. ऑपरेशन माहेरच्या नावावर झालं, आराम माहेरी झाला. वर्षभराने तीच बाई नवऱ्याबरोबर तपासणीला आली, आधार कार्डावरच्या सासरच्या नावाने, नवीन केसपेपर काढून. शिकाऊ डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशन कुठे झालं? ती म्हणाली, नाशिकला. त्यांनी यादीत शोधलं, त्या नावाचं काही सापडलं नाही, म्हणून लिहिलं: 'ऑपरेशन बाहेरच्या हॉस्पिटलात.'

डॉक्टरबाईंनी एक असा केसपेपर मागवला. त्यावर त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'बाहेर झालेलं ऑपरेशन. काम उत्तम.'

त्या खुर्चीत बसल्या. शेरा पुन्हा वाचला आणि हसायला लागल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मी स्वतःला सर्टिफिकेट दिलंय! कंट्रोलर, सात वर्षं! सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. आणि मग, पहिल्यांदाच, न विचारता एक वाक्य जास्त बोलले. "मला वाटलं, मी गाव बघतो, नावं लिहिणाऱ्यांना ती एकच बाई हे माहीत असेल."

पण वही द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी त्या बायकांना शब्द दिला होता. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं की बायकांनी ऑपरेशनच्या आधी सही केलीच आहे, पुढची खबर अभ्यासाला द्यायला त्यांची ना नाही. नकोय तो फक्त घरचा फोन. आणि अभ्यासात नाव जातच नाही, फक्त नंबर जातो.

"गावही नाही?"

"गावही नाही."

ते विचारात पडले. "नुसता नंबर. सीटसारखा."

"सीटसारखा."

"मग चालेल," ते म्हणाले आणि वही उघडली.

पुढचे चार दिवस आमच्या खोलीत एसटी स्टँड होता. ते वहीतून पुकारत, मी संगणकावर शोधत असे आणि डॉक्टरबाई दोन केसपेपर शेजारी ठेवून वण, बाजू, रक्तगट, सगळं जुळवून बघत. "कळवण, बाण, सिन्नर! तीनशे चार!" "जुळलं!" "पेठ, बाण, घोटी!" "थांबा, डावी की उजवी?" "डावी! खिडकीकडची!" बाहेरचे रुग्ण दारात येऊन बघून जात. एका मावशींनी विचारलं, "काय वाटताय का इथं?" बावीस बायकांचे दोन-दोन केसपेपर निघाले. त्या कधी हरवल्याच नव्हत्या, दर वर्षी आमच्याच बाकावर बसून गेल्या होत्या. पंधराजणींची खबर फक्त कंट्रोलरांच्या फोनवर होती. त्यातल्या तीन गेल्या होत्या. त्यांच्यापुढे त्यांनी तारीख लिहिली होती, पण मार्ग खोडला नव्हता. त्या तीन नंबरांना त्यांनी आवाज चढवला नाही.

एकसष्टातून बावीस वजा झाल्या, पंधरा वजा झाल्या. उरल्या चोवीस. चालणार होत्या तेवीस.

यादी पाठवायला एक दिवस होता. वहीत एकच धागा शिल्लक होता: एसटीच्या फोनची कल्पना जिच्यामुळे निघाली ती पहिली बाई. घोटीकडची. तिची शेवटची खूण चौदा महिन्यांपूर्वीची होती आणि वर्षभरातलीच धरायची होती. नंतर तिचा फोन लागलाच नव्हता.

प्रशासक म्हणाले, "एकीचाच प्रश्न ना? चौदा महिन्यांपूर्वी बरी होती, आताही असेल. लिहा हयात."

"खिडकीवर बसून अंदाज सांगायचा नसतो," कंट्रोलर म्हणाले. "एकदा सांगितला होता. लेकुरवाळी बाई तीन तास उन्हात उभी राहिली." त्यांनी 'खिडकी बंद आहे' ही पाटी टेबलावर ठेवली, छत्री घेतली आणि माझ्याकडे वळले. "घोटी. आठ पाच."

बसमध्ये ते पहिल्यांदाच प्रवासी म्हणून बसलेले मी पाहिले. कंडक्टरने त्यांना ओळखलं. "साहेब, तुम्ही? आज काय विशेष?" ते म्हणाले, "चौकशी." घोटीला उतरून आम्ही जीप धरली. शेवटचे दोन किलोमीटर चाललो. दोन्ही बाजूंना भाताची आवणी, रोपांची लावणी, चालू होती आणि पाऊस होता. वाटेत मी विचारलं, घरी काय सांगणार? ते म्हणाले, "एसटीकडून आलोय म्हणून."

ओट्यावर एक म्हातारी बसली होती, नाचणी पाखडत. कंट्रोलरांनी छत्री मिटली, सदरा सारखा केला. "नमस्कार. मी चौकशी खिडकी—"

"वेळेवर हाय गाडी," म्हातारी म्हणाली. सूप थांबलं नाही. "लय दिवसांनी आले. बसा. चहा ठेवते."

कंट्रोलर उभेच राहिले. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीसमोर असा प्रवासी आला नसावा.

"आजी," मी म्हणाले, "तुम्हाला कसं—"

"अवं, तीन वरसं झाली. ती रानात गेलती अन् फोन घरात वाजला. मी उचलला. हे साहेब इचारतात, गाडी वेळेवर हाय का. मी म्हणलं, हाय. म्हणायला काय जातं? मग इचार करत बसले. आमच्या गावाला एसटी येतच नाय. हिची गाडी ती कोणची?" तिने नाचणी उडवली. "मग तिच्या अंगावरचा वण आठवला. म्हायेरी चार महिने ऱ्हायलेली आठवली. सुनेच्या बाबतीत सासू येडी नसती."

"तिला बोलला नाहीत?"

"कशापायी? तिला वाटतं, सासूला कळलं तर ताट वेगळं करंल." तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. "पहिल्या साली कळलं आसतं तर केलंबी आसतं. आता तीन वरसं एका ताटात जेवतो आम्ही. मला काय झालं? पण तिला सांगू नका हां. ती लपवती, मी लपवू देते. चाललंय बरं."

सुनेचा जुना फोन मागच्या आवणीत चिखलात पडला, असं म्हातारीने सांगितलं. नवा नंबर मी तिच्याकडून लिहून घेतला. म्हातारीच्या मते सुनेला वाटत होतं, साहेब विसरले.

मला खबर मिळाली होती. पण डेस्कवर शिकलेली एक गोष्ट जात नाही: ही ऐकीव माहिती होती. मी काही बोलायच्या आत कंट्रोलर म्हणाले, "गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आली म्हणायचं नाही. कुठे आहे ती?"

बांधावर उभं राहून समोर बघितलं तर पंधरा-सोळा बायका एका ओळीत वाकून रोपं लावत होत्या. सगळ्यांच्या डोक्यावरून पाठीवर पावसाची घोंगतं ओढलेली. पाठींवरून माणूस ओळखता येत नाही. कंट्रोलरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री मला दिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि स्टँडवरच्या आवाजात पुकारलं:

"घोटी, घोटी, घोटी! घोटीकडे जाणारी गाडी वेळेवर आहे का?"

सगळी ओळ ताठ झाली. एका क्षणात सोळा चेहरे आमच्याकडे. त्यातली मधली एक हातात रोपांची मूठ घेऊन बघतच राहिली. मग तिने ती मूठ डोक्यावर उंच धरून हलवली. "हाय! वेळेवर हाय, साहेब! एकदम वेळेवर!"

"मध्ये कुठे थांबली होती का?"

"नाय! कुठंच नाय!"

टोकाची बाई म्हणाली, "आगं, हितं कुठली एसटी?" आणि सगळी ओळ हसत सुटली. तीही हसत होती, बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त वेळ. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं: बारा सत्तेचाळीस. मग पाठ फिरवली. चिखलातून परत येताना ते दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा मला म्हणाले, "उतरताना सांभाळून."

चारच्या आत मी यादी पाठवली. बेपत्ता तेवीस. दोन दिवसांनी उत्तर आलं: नाशिकच्या नोंदी अभ्यासात राहतील. अभ्यासाचं उत्तर मात्र अजून यायचंय. पुढची वर्षं मोजून व्हायचीत. प्रशासकांनी नियम केला नाही. सिन्नरच्या बाईला डॉक्टरबाईंनी सांगितलं, "राखायचंय. लाइटला रोज यायचं." ती म्हणाली, "मग रडायचं राहिलं का माझं?" आणि तेव्हा रडली.

तक्रारीवरचा माझा अहवाल चार ओळींचा होता. 'तक्रारीत तथ्य आढळले. सदर कर्मचारी हॉस्पिटलच्या फोनवरून दररोज एसटीच्या वेळेची चौकशी करतात. याला सात वर्षे झाली आहेत. ही चौकशी चालू ठेवावी.' प्रशासकांनी तो वाचून सही केली. पुढे केसपेपरवर 'माहेरचे नाव व गाव' असा रकाना आला. दुसरा प्रश्न छापला नाही. तो कंट्रोलर तोंडी विचारत, घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला, गाडी सांगून झाल्यावर: "फोन दवाखान्याचा करू, की एसटीचा?"

तेवीस बेपत्ता चालतात, हे त्यांना कधीच पटलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या नऊ त्यांनी शोधल्या.

मागच्या वर्षी ते दुसऱ्यांदा निवृत्त झाले. आता एकलहऱ्याला मुलीकडे असतात. जाताना पाटी घेऊन गेले, वही मला दिली. निरोपाच्या भाषणात त्यांनी फक्त पाच चाळीसची गाडी आता पाच पन्नासला सुटते एवढं सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी अकराला मी पहिला फोन लावला. घोटी मार्ग, पहिली ओळ. पलीकडे म्हातारा आवाज आला.

"नमस्कार," मी म्हणाले. "चौकशी खिडकी. तुमची गाडी वेळेवर आहे का?"

"हाय. ती रानात गेलीय, पण हाय." मग आवाज म्हणाला, "नव्या दिसता. ते साहेब कुठं गेले?"

"रिटायर झाले, आजी."

पलीकडे सूप थांबल्यासारखं वाटलं.

"बरं," ती म्हणाली. "त्यांची गाडी वेळेवर हाय ना?"

अंदाज सांगायचा नसतो. मी तिला थांबायला सांगितलं, दुसऱ्या फोनवरून एकलहऱ्याला लावला आणि विचारलं. मग पहिला फोन उचलला.

"आहे, आजी. आत्ताच विचारलं."